शंख उलटा करून बघा: मिऱ्या ते तेरेखोल

पहिला दिवस: मिऱ्या, रत्नागिरी

पौष पौर्णिमेला धरून निघायचं, एवढं एकच ठरलेलं होतं. खडपातल्या, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांतल्या, गोगलगायी बघायच्या तर लॉजच्या बुकिंगआधी पंचांग उघडावं लागतं. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतर दोनेक दिवस उधाण असतं, पाणी चढतंही भरपूर आणि उतरतंही भरपूर. अष्टमीच्या सुमाराला भांग. तेव्हा ते धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि आपल्याला बघायचं असतं ते पाण्याखालीच राहतं. पुण्याहून पहाटे निघालो, कराड-मलकापूर करत आंबा घाट उतरलो आणि रत्नागिरीत जेवून चारच्या सुमाराला मिऱ्याच्या खडपात हजर झालो. बरोबर मेव्हणा, प्रसाद. समुद्रात त्याला रस आहे तो ताटात येईल तेवढाच. "दाजी, सुरमई सोडून गोगलगायींच्या मागे का लागलात?" हे त्याने घाटातच सुरू केलं होतं.

कारण घरातली काचेची टाकी. माशांच्या टाकीतलं शेवाळ खायला दुकानात पट्ट्यापट्ट्यांच्या गोगलगायी मिळतात, नेराइट नावाने. शेवाळ झकास साफ करतात, काचेवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडीही घालतात, पण त्यातून पिल्लू काही मोठं होत नाही. त्या पिल्लांना वाढायला खारं पाणी लागतं. आई गोड्या पाण्यात खुशाल राहते, लेकरू मात्र समुद्रात गेल्याशिवाय जगत नाही. हे कळल्यापासून या कुळाने डोकं खाल्लं होतं. नेरिटिडी हे कुळ समुद्राच्या खडकावर आहे, खाडीच्या चिखलात आहे, तिवरांच्या खोडावर आहे आणि नद्यांमध्येही आहे. जागा बदलली की त्यांचा शंख कसा बदलतो, ते एका किनाऱ्याने चालत बघायचं होतं.

मिऱ्याच्या डोंगराखाली जांभ्याचे धोंडे पडलेले आहेत. जांभा भोकाभोकांचा. त्या भोकांत ओल टिकते, त्यामुळे गोगलगायींची वस्ती गुळगुळीत दगडापेक्षा जरा वरपर्यंत चढलेली दिसते. अगदी वर, लाट पोचत नाही आणि फक्त तुषार उडतात तिथे, सेंटिमीटरभरही नसलेले करडे टोकदार शंख चिकटले होते. हे लिटोरिना मंडळी, नेराइट नव्हेत. ऊन तापलं की हे पाय आत ओढून घेतात आणि शंखाची कड सुकलेल्या चिकट स्रावाने दगडाला चिकटवून नुसते लटकून राहतात. तापलेल्या दगडाला अंग लागतच नाही.

त्यांच्या हातभर खाली नेराइट सुरू झाले. नेरिटा ओरायझेरम, मुंबईपासून खाली पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी दिसणारी जात. दोनेक सेंटिमीटरचा, गोलसर, जाड कवचाचा, काळपट-पांढऱ्या कंगोऱ्यांचा शंख. वरून बघितला तर कोणीही ओलांडून पुढे जाईल. शेंडा जवळपास नाहीच, शेवटच्या वेढ्यानेच सगळा शंख व्यापलेला.

पण उलटा केला की गंमत. तोंड अर्धचंद्राकृती. सरळ बाजूला एक चपटा ओटा, त्यावर कणीदार उंचवटे, आणि ओट्याच्या कडेला बोथट दात. समोरच्या ओठाच्या आतही दातांची रांग. त्या फटीत चुनखडीचं जाड झाकण घट्ट बसलेलं. किनाऱ्यावरच्या पुष्कळ गोगलगायींचं झाकण नखासारखं पातळ आणि वाकणारं असतं, नेराइटचं दगडी असतं. पुळणीवर, म्हणजे वाळूत, एक सुटं झाकण मिळालं, त्याच्या मागच्या बाजूला एक खुंटी होती. झाकण मिटलं की ही खुंटी ओट्याच्या आतल्या बाजूला अडकते, वाड्याच्या दाराला आतून अडसर घालावा तशी. प्रसादने एका जिवंत नेराइटचं झाकण नखाने उघडायचा प्रयत्न केला आणि नख दुखावून घेतलं. त्या दिवसापुरता त्याचा विरोध मावळला.

एक फुटका शंखही मिळाला. आत डोकावलं तर वेढ्यांमधल्या भिंती नव्हत्या. बहुतेक गोगलगायींच्या शंखात मधोमध खांब असतो आणि त्याभोवती जिना चढत जातो. नेराइट वाढता वाढता आतल्या जुन्या भिंती स्वतःच विरघळवून टाकतो, म्हणजे आत एकच दालन उरतं. तो मोकळा कोनाडा उगाच नाही. ओहोटीत पाच-सहा तास उन्हात काढायचे तर आत पाणी साठवायला जागा हवी. त्या पाण्यावर तो कोरडा पडण्यापासून वाचतो आणि थोडं थोडं वाफेवाटे सोडून अंग थंडही ठेवतो. गोल आकाराचाही तोच फायदा, कमी पृष्ठभागात जास्त जागा. नेराइट मेल्यावर हे घर लहान शंखखेकड्यांना फार आवडतं. मिऱ्याला पळणारे "नेराइट" दिसले की समजावं, आत भाडेकरू आहे.

कालवं काढायला आलेल्या एका मावशींनी विचारलं, "काय गावलं का?" सांगितलं तर हसल्या. "त्यात काय मांस नाय. खाली जावा, पानी वळायच्या आत." खरंच खाली गेलो. तिथे दगडाला चिकटलेल्या टोपीसारख्या लिंपेट, आणि आणखी खाली थाइस नावाची गोगलगाय, जी दुसऱ्यांच्या शिंपल्याला भोक पाडून खाते. नेराइट त्या पट्ट्यात विरळ झाले. ते शाकाहारी, दगडावरचा सूक्ष्म शेवाळाचा थर खरवडणारे. भक्षक जास्त पाण्याकडे, ऊन जास्त वरच्या बाजूला, आणि या दोघांच्या मध्ये जेवढी उंची उरते तेवढी नेराइटची.

दुसरा दिवस: साखरतर, आरे-वारे

सकाळ रत्नागिरीतल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र, लहान मुलं मत्स्यालयासाठी येतात. आम्ही कपाटातल्या शंखांपुढे रेंगाळलो. काचेआडचा शंख नेहमी पाठ वर करून मांडलेला असतो, ही माझी जुनी तक्रार. पाठीवरचा रंग एकाच जातीत दहा तऱ्हेचा असतो. ओळख पटते ती तोंडाकडून, आणि ते तोंड खाली मखमलीत.

संध्याकाळी साखरतरच्या खाडीकाठी तिवरांत. इथे भेटला नेरिप्टेरॉन व्हायोलेशियम, पूर्वी ज्याला नेरिटिना म्हणत. मिऱ्याच्या चुलतभावाशी याचं काही जुळेल असं वरून वाटत नाही. पातळ, चपटा, गुळगुळीत, जवळजवळ टोपीच्या आकाराचा. ओट्यावर दात नावालाच, पण ओटा केवढा रुंद, आणि रंग लालसर नारिंगी. चिखलाने माखलेल्या खोडावर त्या रंगाची अपेक्षाच नव्हती. खाडीत लाटांचा मारा नाही, तेव्हा कवच जाड करायची गरज नाही. ओल्या खोडाला चिकटून राहायला रुंद पाय पुरतो, आणि रुंद पायाला रुंद तोंड लागतं. हाच आकार पुढे ओढत नेला की सेप्टारिया, त्याच कुळातली, हिंद-प्रशांत बेटांवरच्या वाहत्या ओढ्यांत राहणारी. तिचा शंख तर पार लिंपेटसारखा झालेला आहे.

आरे-वारेच्या वळणावर गाडी थांबवली, फोटो काढले. तिथे काढतात तेच.

तिसरा दिवस: कुणकेश्वर

जैतापूरवरून विजयदुर्गाकडे आणि मग देवगड. दिवस प्रवासातच गेला, विजयदुर्गाच्या तटाखाली दहा मिनिटं थांबलो तेवढंच. ओरायझेरम तिथेही होता.

कुणकेश्वरला मुद्दाम अंधार पडायची वाट बघितली. पौर्णिमेला दोन दिवस झाले होते, ओहोटी साडेसहाच्या आगेमागे आणि चंद्र उगवायला अजून अवकाश. देवळाच्या खालच्या बाजूला पुळण आणि खडप एकमेकांत मिसळतात, आणि नेरिटा पोलिटाला नेमकी अशीच जागा लागते. बाकीचे नेराइट दिवसा दगडाच्या फटीत बसतात, हा मात्र दगडाच्या बुडाशी वाळूत पुरून घेतो आणि रात्री ओहोटीला वर येतो. वाळूत शिरायचं तर अंगावर कंगोरे चालत नाहीत, म्हणून याचा शंख पॉलिश केल्यासारखा गुळगुळीत, थोडा आडवा पसरलेला. झाकणसुद्धा गुळगुळीत.

टॉर्चला लाल कागद लावून बराच वेळ शोधलं. ओरायझेरम भरपूर, सगळे चरायला निघालेले. दिवसा दगडासारखे निपचित दिसणारे हे प्राणी रात्री चांगले हातभर फिरतात. पोलिटा सापडला तो प्रसादलाच, दगडाच्या बुडाशी, अर्धा वाळूत. करड्या पाठीवर गुलाबी पट्टा. "दाजी, हा तुमच्या यादीतला आहे का?" असं त्याने शक्य तितक्या निर्विकारपणे विचारलं.

टॉर्च विझवून मग आम्ही दोन्ही शंख बोटांनी चाचपले. याला कारण होतं. गीरत व्हर्मे नावाचे नेदरलँड्समध्ये जन्मलेले अमेरिकन शास्त्रज्ञ लहानपणीच अंध झाले आणि शंख हाताने वाचतच या विषयातले मोठे अभ्यासक बनले. कवच किती जाड, तोंड किती अरुंद, ओठाला दात आहेत का, कडेला जुना तुटल्याचा व्रण आहे का, हे सगळं बोटाला कळतं. उष्ण कटिबंधातल्या, त्यातही हिंद आणि पश्चिम प्रशांत महासागरातल्या गोगलगायींचे शंख इतरांपेक्षा जास्त जाड आणि अरुंद तोंडाचे का, याचं उत्तर त्यांनी मुख्यतः खेकड्यांत शोधलं. ज्या समुद्रात शंख फोडणारे खेकडे-मासे जोरदार, तिथे शंखाची तटबंदीही जोरदार. आमच्या ओरायझेरमच्या ओठाजवळ खरंच एक वेडीवाकडी रेघ हाताला लागली. कधीतरी कडेचा तुकडा उडाला होता आणि त्याने पुन्हा बांधकाम करून घेतलं होतं. चार पावलांवर एका कपारीत लाल डोळ्यांचा जाडजूड खेकडा बसला होता, एक नांगी दुसरीपेक्षा मोठी. त्याच्यावर थेट आरोप करता येत नाही, पण संशय घ्यायला हरकत नाही.

चौथा दिवस: मालवण

सकाळी सातची ओहोटी, रॉक गार्डनच्या खाली. बागेत अजून कोणी नव्हतं. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग गाभ्यात. तेव्हा इथे फक्त बघायचं आणि फोटो काढायचे, उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा. दगड परत ठेवणं हे शिष्टाचारापेक्षा मोठं काम आहे. त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात उलटे पडले की दुपारपर्यंत संपतात.

पहिल्याच दगडाखाली नेरिटा अल्बिसिला. हा उन्हाला भिणारा. ओरायझेरम वर उघड्यावर, अल्बिसिला खाली दगडांच्या पोटाशी. शंख चपटा, आडवा, काळ्या-पांढऱ्या-पिवळट ठिगळांचा. ओटा पुळ्या उठल्यासारखा खरबरीत, आणि झाकणही बारीक दाणेदार. दगडाखालच्या अरुंद फटीत गोल शंख मावणार नाही, चपटाच हवा, हे बघितल्यावर कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

मालवणचा दगड रत्नागिरीच्या जांभ्यापेक्षा कठीण आणि नितळ. भोकं नाहीत, भेगा आहेत. त्यामुळे नेराइट पसरलेले दिसले नाहीत, भेगेच्या रेषेत एकामागे एक बसलेले. शिवाय पट्टाच अरुंद. मुंबईला मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो, गोव्याच्या बाजूला तो जेमतेम दोन मीटर. मुंबईच्या खडपात एकेका जातीचा थर बघायला ऐसपैस जागा मिळते, इकडे तीच सगळी बिऱ्हाडं निम्म्या उंचीत दाटीने राहतात. दोन पावलं खाली उतरलो की शेजार बदलला.

दगडांच्या खाचेत पांढरे, लंबगोल, दोन मिलिमीटरचे ठिपके दिसले आणि मी घरच्या टाकीसमोर असल्यासारखा ओरडलो. नेराइटची अंडी. खरं तर प्रत्येक ठिपका म्हणजे एक डबी, आत अनेक अंडी. मादी डबीच्या छपरात चुन्याचे सूक्ष्म गोळे किंवा वाळूचे कण भरून ते पक्कं करते. दिवस भरले की झाकण शिवणीवर उघडतं आणि अळ्या पाण्यात पोहत बाहेर पडतात. या अळ्या कित्येक आठवडे तरंगत जातात, वाऱ्या-प्रवाहाच्या मर्जीने. आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह हिवाळ्यात उत्तरेकडे आणि पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो. म्हणजे पिल्लाचं गाव ते कोणत्या महिन्यात जन्मलं यावर ठरणार. अल्बिसिला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट प्रशांतातल्या बेटांपर्यंत एकच जात म्हणून का टिकून आहे, त्याचं उत्तर या दोन मिलिमीटरच्या डबीत आहे.

थंड समुद्र मात्र या कुळाला सोसत नाही. उत्तर युरोपच्या किनाऱ्यावर खडपात उतरलात तर नेराइटची जागा लिटोरिना आणि इतरांनी घेतलेली दिसते. या कुळातली थिओडोक्सस तिथे आहे, पण नद्यांत आणि बाल्टिकच्या मचूळ पाण्यात. फ्लोरिडा-कॅरिबियनमध्ये नेरिटा पेलोरोंटा, जिच्या ओट्यावरच्या दाताभोवती रक्त आल्यासारखा लाल डाग असतो. सिडनीला राहणाऱ्या भाचीला मी फोटो पाठवले तर तासाभरात तिचा फोटो आला, काळेकुळकुळीत नेराइट, तिच्या घराजवळच्या दगडांवर शेकड्यांनी. नेरिटा मेलॅनोट्रॅगस. तिला म्हटलं, उलटा करून पाठव. उलटा फोटो आला, ओटा पांढरा.

होडीच्या जेटीजवळ जाळं विणत बसलेल्या एका आजोबांनी सकाळपासून आमचं वाकणं बघितलं होतं. "काय हरवला काय रे तुमचा?" शंख बघतोय म्हटलं. "ह्ये? ह्येका कोण खाणत नाय. कालवां बघा, मुळे बघा." मुळे म्हणजे खायच्या शिंपल्या. मग थोडं थांबून, "पण उधाणाच्या आदी ह्ये वर चडतत." यात किती खरं ते तपासायला एक भरती पुरणार नाही, पण चाळीस-पन्नास वर्षं खडप बघितलेल्या माणसाचं वाक्य म्हणून वहीत लिहून घेतलं.

दुपारी किल्ल्यावर. तटाच्या पायथ्याशी, जिथे भरतीचं पाणी दगडाला लागतं, तिथे ओरायझेरमची रांग. १६६४ साली बांधायला घेतलेल्या या तटावर त्यांच्या किती पिढ्या झाल्या असतील, याचा हिशेब प्रसादने मोबाईलवर सुरू केला आणि एका पिढीला किती वर्षं धरायची यावर आमचं भांडण झालं. बाजारात शंख-शिंपल्यांच्या दुकानात कवड्या, मोठाले शंख, पडदे. नेराइट एकही नव्हता. दिसायला साधे असल्याचा हा फायदा.

पाचवा दिवस: वेंगुर्ला, तेरेखोल

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा बचत गट वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतो. इंजिन नाही, त्यामुळे खोडांच्या अगदी जवळ जाता येतं. होडीवरच्या ताईंना कांदळ, तिवर, चिप्पी सगळी झाडं पाठ. "गोगलगाय दाखवा" म्हटल्यावर त्यांनी वल्हं थांबवून पानांकडे बोट केलं. पातळ कवचाच्या लिटोरारिया, पानांवर, पाण्यापासून चांगल्या उंच. खोडाच्या मधल्या भागात नेरिप्टेरॉन. खाली चिखलात टेलिस्कोपियम, बोटभर लांब काळे शंकू. एकाच झाडाला तीन मजले, आणि भाडेकरू आपला मजला सहसा सोडत नाहीत. ताईंनी सांगितलं की भरती चढली की पानांवरच्या आणखी वर सरकतात, हे त्या रोज बघतात.

तिथून शिरोडा-आरोंदा करत तेरेखोलची खाडी. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गोवा. रेतीमिश्रित चिखलाचा पट्टा उघडा पडला होता आणि त्यावर वाटाण्याएवढ्या गोगलगायी, असंख्य. क्लिथॉन औलानिएन्स. या जातीसाठी शंख उलटा करा हा माझा मंत्र मी मागे घेतला, कारण इथे पाठच बघण्यासारखी. पिवळी, हिरवट, काळी, करडी. एकावर नागमोडी रेघा, दुसरीवर त्रिकोण, तिसरीवर आडवे पट्टे, चौथी कोरी. प्रसाद गुडघ्यावर बसून एकसारख्या दोन शोधायला लागला. जनुकशास्त्रज्ञ हान्स ग्रूनेबर्ग यांनी १९७०च्या दशकात याच जातीच्या नक्षीवर बरंच काम केलं, वेगवेगळ्या ठिकाणच्या वसाहतींत नक्षीचं प्रमाण कसं बदलतं ते मोजत. एका आईच्या पोटची पिल्लं समुद्रातून फिरून भलत्याच खाडीत उतरतात, तेव्हा प्रत्येक खाडीची लोकसंख्या म्हणजे कुठून कुठून आलेल्यांची सरमिसळ, हे या चिखलात बसून सहज पटतं.

मग खाडीच्या कडेने वर निघालो. दर थोड्या अंतरावर थांबून पाणी जिभेला लावून बघत. प्रसादने हे काम आनंदाने अंगावर घेतलं आणि प्रत्येक वेळी सोलकढीच्या चवीशी तुलना करून निकाल दिला. पाणी मचूळ होईपर्यंत क्लिथॉन होते, मग तुरळक, मग दगडांवर एखादाच. जिथे प्रसादने "आता नुसतं पाणी" म्हटलं, तिथे काठच्या गाळात लांबट, मनोऱ्यासारखे तपकिरी शंख सुरू झाले होते. मेलानॉइडिस, गोड्या पाण्यातली, वेगळ्याच कुळातली, आणि पिल्लांना समुद्रात पाठवायची भानगड नसलेली. अर्धा किलोमीटर आणखी वर गेलो. नेराइट नव्हते.

पंचांगात अष्टमी जवळ आली होती, पाणी रोज कमी उतरायला लागलं होतं. सावंतवाडीला जेवलो. प्रसादने सुरमई मागवली आणि शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला नेराइटच्या झाकणाची खुंटी कशी अडकते ते चमच्याने करून दाखवलं.